डोक्यातला वकील

माझा मामा श्रावण कडक पाळायचा. कांदा-लसूण बंद, दाढी बंद, सोमवारी एकभुक्त आणि दारूचा थेंब नाही. गटारीच्या रात्री तो एवढी घ्यायचा, की दुसऱ्या दिवशी त्याला उठवायला दोघं लागायचे. पण प्रतिपदेला आंघोळ करून, गंध लावून देवघरापुढे बसला, की आजीचे डोळे भरून यायचे. पहिले दोन-तीन दिवस त्याचे हात थरथरत, घाम फुटे, रात्री झोप नसे. घरात याला उपासाचा अशक्तपणा म्हणत आणि साबुदाण्याची खीर देत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर फेफरं येऊ शकतं, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं नशीब चांगलं, एवढंच. मग महिनाभर घर हसतं-बोलतं व्हायचं. मामा गणपतीपर्यंत ओढायचा. विसर्जनाच्या मिरवणुकीला घरातून जायचा तो एक मामा, आणि मध्यरात्री परतायचा तो दुसरा.

वर्षभर कुणी काही बोललं, की त्याचं उत्तर ठरलेलं असे. “मी श्रावण पाळतो. व्यसनी माणसाला श्रावण पाळता येतो का?”

आमच्या घरात वीस वर्षं या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. मामा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता, पण या एका विषयावर भल्या वकिलाला गप्प करील असा बोलायचा. उत्तर मला फार उशिरा मिळालं. एका व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला मी मामाचा हा युक्तिवाद ऐकवला. ते स्वतः एके काळी पिणारे. ते हसले, म्हणाले, हा दावा आमच्याकडे दर आठवड्याला दाखल होतो. चाळीस दिवस थांबता आलं, कारण एकेचाळिसावा दिवस ठरलेला होता. श्रावणात तुमचे मामा दारू सोडत नव्हते, दारूची वाट बघत होते.

ही वकिली करायला भाषाही मदत करते. मराठीत पिणारा माणूस स्वतःविषयी ‘पितो’ म्हणत नाही. ‘मी घेतो’ म्हणतो, तेही ‘थोडी’. काल रात्री आम्ही ‘बसलो होतो’. शेजारचा मात्र ‘पितो’, आणि त्याच्या पलीकडचा ‘बेवडा’. घेणारा, पिणारा आणि बेवडा यांच्यात नेहमी एक पायरी शिल्लक असते आणि आपण कायम वरच्या पायरीवर असतो. क्वार्टरवाला खंब्याकडे बोट दाखवतो, इंग्लिशवाला देशीकडे. सकाळी हात थरथरू लागले म्हणून घेतलेल्या घोटाला तर ‘उतारा’ म्हणतात, म्हणजे औषधाचाच शब्द. यात सरकारही मागे नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि त्यानुसार दारू पिण्यासाठी जो परवाना मिळतो, तो आरोग्य जपण्यासाठी दिलेला असतो! परवान्यावरच असं म्हटल्यावर मामाला दोष काय द्यायचा?

बायकांचा वकील वेगळ्या कोर्टात उभा असतो, एवढंच. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायकांना विचारा, तंबाखूचं व्यसन आहे का? छे. दात घासते. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढेचा ठणका थांबत नाही, काम सुधरत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा दात घासणाऱ्या बाईला आपण काही विचित्र करतोय असं वाटत नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्याच घासतात.

गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’चा नायक वकील केला, हे मला पूर्वी नुसतं कथानक वाटायचं. नाटक १९१९मध्ये रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी. आपण ते सिंधूचे हाल आणि बालगंधर्वांची गाणी यांसाठी लक्षात ठेवलं. पण एकदा सुधाकरावर नजर ठेवून वाचून बघा. हुशार, मानी, अनाथपणातून स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती रद्द होते. त्याला राग येतो, लाज वाटते, आणि या दोन्हींचं काय करायचं ते त्याला कळत नाही. कुणापुढे रडणं त्याच्या स्वभावात नाही. त्या नेमक्या घटकेला तळीराम येतो. तळीराम काही नवं विकत नाही, मनाला लागलेला घाव घटकाभर विसरण्याचा उपाय सांगतो, आणि तोही एकच प्याला. पुढे सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, नोकरीसाठी ओळखीपाळखीच्या सभ्य लोकांकडे जातो, तिथे त्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्यांदाही अपमान, दुसऱ्यांदाही अपमान. नाटकाच्या नावातला ‘एकच’ हा शब्द तर डोक्यातल्या त्या वकिलाचा अख्खा कैफियतनामा आहे.

हे मानसशास्त्राच्या भाषेत यायला बराच काळ गेला. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९३मध्ये व्यसनांच्या विचारोपचारावर पुस्तक लिहिलं. त्यात व्यसनी माणसाच्या मनातल्या समजुतींचे प्रकार दिले आहेत. एक, घेतली की मजा येईल. दुसरी, घेतली की हे जे काही आत चाललंय ते थांबेल. आणि तिसरी, आज घ्यायला हरकत नाही. पहिल्या दोन समजुती पिणाऱ्याला ओळखता येतात, त्या तो कबूलही करतो. तिसरी चोरपावलांनी येते, कारण ती दरवेळी नवा पोशाख घालते. आज पगार झाला. आज मॅच आहे. आज भांडण झालं. आज भांडण झालं नाही. आठवडाभर घेतली नाही, म्हणजे आज हक्कच आहे. परवानगी देणारा हा विचार पकडता आला, तर पुढचे हातपाय आपोआप थांबतात, असा बेक यांचा भर होता.

ॲलन मार्लाट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर त्याआधी, १९८५मध्ये, उलट्या टोकाकडून हाच माणूस पाहिला होता. सोडल्यानंतर माणूस पुन्हा का पितो, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या लक्षात आलं, की घसरण प्याल्यापाशी सुरू होत नाही. ती बरीच आधी, अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या निर्णयांत सुरू होते. हे वाचलं तेव्हा मला कोथिंबीर आठवली. पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर मामा तीन आठवडे उत्तम होता. मग एका संध्याकाळी त्याला वाटलं, की आपल्या चौकातली कोथिंबीर महाग पडते, स्टँडमागच्या बाजारात स्वस्त मिळते. स्टँडमागच्या बोळात देशीचं दुकान होतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं, असं तो शपथेवर सांगे. माझा आजही त्याच्यावर विश्वास आहे. त्या दिवशी तो कोथिंबीर आणायलाच गेला होता. वकील आपल्या अशिलालाही सगळं सांगत नाही.

त्या रात्री त्यानं एक घेतली आणि मग चार दिवस घरी आला नाही. एकीनंतर चार दिवस का? मार्लाट यांचं उत्तर असं, की पहिल्या घोटानंतर माणूस मनाशी निकाल लावतो: झालं, मी असाच आहे, माझ्याच्यानं होणार नाही. या निकालाची जी वेदना होते, ती बुजवायला पुढचा प्याला लागतो. मराठीत याचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. आता घेतलीच आहे, तर.

पण नुसता वकील समजून पुरत नाही. वकील कुणासाठी लढतोय, ते बघावं लागतं.

मामाच्या मृत्यूनंतर कपाट आवरताना एक शंभरपानी वही सापडली. केंद्रात त्यांना रोज रात्री लिहायला लावत: आज दिवसभरात काय वाटलं? मामाच्या पहिल्या दहा दिवसांच्या पानांवर एकच शब्द होता. टेन्शन. तारीख, वार, खाली टेन्शन. एका पानावर ‘थोडं टेन्शन’, एका पानावर ‘टेन्शन नाही’. अकराव्या दिवशी त्यानं लिहिलं होतं: ‘आज भेटीचा दिवस. बाकीच्यांचे लोक आले. आपलं कोणी आलं नाही. फाटकाकडे तीनदा बघितलं.’ खाली समुपदेशकानं लाल पेनानं विचारलं होतं, याला काय म्हणाल? मामानं उत्तरादाखल दोन शब्द लिहून खोडले होते आणि शेवटी लिहिलं होतं, ‘वाईट वाटलं.’

तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता.

मराठीत भावनांचे शब्द थोडे आहेत का? हुरहूर, रुखरुख, चुटपुट, खंत, हळहळ, कानकोंडं होणं, जीव टांगणीला लागणं. आजीच्या तोंडी हे सगळे असायचे. तिच्या मुलाच्या वाट्याला एक इंग्रजी शब्द आला, आणि त्या एका शब्दाच्या गोणीत त्यानं राग, भीती, लाज, एकटेपणा सगळं कोंबलं. स्वतःच्या भावना ओळखता आणि सांगता न येण्याला पीटर सिफनिओस या मनोविकारतज्ज्ञांनी सत्तरच्या दशकात ग्रीक शब्द जुळवून ‘ॲलेक्सिथायमिया’ असं नाव दिलं. व्यसनी माणसांत हा गुण इतरांपेक्षा जास्त आढळतो. आता ज्याला आत काय दुखतंय तेच कळत नाही, तो सगळ्या दुखण्यांवर एकच औषध घेणार, हे ओघानंच आलं.

‘औषध’ हा शब्द हार्वर्डमधल्या एडवर्ड खांत्झियन यांनी गंभीरपणे घेतला. १९८५मध्ये त्यांनी असं मांडलं, की माणसं कुठलाही पदार्थ उगाच उचलत नाहीत. ज्या यातनेवर जो पदार्थ लागू पडतो, त्याकडे ती ओढली जातात. आत धुमसणारा संताप ज्यांना सोसत नाही, त्यांना हेरॉइन शांत करतं, असं त्यांना रुग्णांत दिसलं होतं. या मांडणीवर आक्षेप पुष्कळ आले. दारू स्वतःच उदासी निर्माण करते, मग आधी कोंबडी की आधी अंडं? मला आक्षेप पटतात, तरी खांत्झियन यांचा एक उपकार मोठा वाटतो. त्यांनी ‘तुला एवढी मजा कशात येते?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘तुला एवढं काय सोसवत नाही?’ हा विचारला. मजेचा हिशेब तसाही फार टिकत नाही. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३मध्ये मांडलं, की मेंदूत हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या वाटा वेगळ्या असतात. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी नाही. म्हणून दारूचा वीट आलेला माणूस दारूसाठीच पहाटे दुकानाच्या शटरसमोर उभा असतो.

महाराष्ट्रानं हे फार जवळून पाहिलं ते गर्दच्या काळात. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली आणि तिला इथलं नाव मिळालं, गर्द. पन्नीवर पूड ठेवून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. मिळाली नाही की ‘टर्की’ सुरू: हाडं मोडून येतात, नाक-डोळे वाहतात, पोटात पीळ. अनिल अवचटांनी या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, १९९७मध्ये गेल्या. तिथला उपचार ३५ दिवसांचा, आणि त्यातला शरीराचा भाग पहिल्या काही दिवसांतच उरकतो. टर्की उतरते, भूक लागते, चेहऱ्यावर रंग येतो. घरच्यांना वाटतं, झालं की बरा, न्यावा घरी. उरलेले दिवस कशाला? ते वहीतल्या त्या अकराव्या पानासाठी. तिथे उपचार घेणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात, आणि काम करणाऱ्यांत कित्येक जण पूर्वी त्याच खाटांवर झोपलेले असतात. अशा माणसापुढे वकिलाची डाळ शिजत नाही. त्यानं तेच सगळे मुद्दे स्वतः मांडलेले असतात.

‘पुढचा विचार कर रे’ हे वाक्य आमच्या घरात मामाला किती वेळा ऐकवलं गेलं असेल! १९९८मध्ये नॅन्सी पेट्री, वॉरन बिकेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हेरॉइनचं व्यसन असलेल्यांना आणि नसलेल्यांना एका अर्धवट वाक्यावरून गोष्ट पुरी करायला सांगितली. एक माणूस झोपेतून उठतो आणि आपल्या भविष्याचा विचार करू लागतो, एवढंच ते वाक्य. व्यसन नसलेल्यांच्या गोष्टीतलं भविष्य सरासरी ४.७ वर्षं लांब होतं. व्यसन असलेल्यांचं, ९ दिवस. पुढचा विचार कर म्हणणारी आजी मामाच्या मुलीच्या लग्नापर्यंत बघत होती. मामा करत होता पुढचाच विचार. पुढच्या पगारापर्यंतचा.

लाजेचंही तसंच. घरात, पंगतीत, पंचायतीसमोर व्यसनी माणसाला लाज आणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पोरांदेखत पाया पडायला लावतात, देवापुढे नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. व्हँकूव्हरमध्ये डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी यांनी नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना, शेवटी पिऊन वाईट वाटलं त्या वेळेविषयी बोलायला सांगितलं आणि त्यांचं चित्रण केलं. २०१३मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे खांदे बोलताना जास्त पडले, छाती आत गेली, म्हणजे शरीरातून लाज जास्त दिसली, तेच पुढच्या महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता अधिक होती आणि ते प्यायलेही जास्त. सुधाकराचा पाणउतारा करणाऱ्या सभ्य लोकांनाही वाटलं असेल, की आपण चांगल्यासाठी बोलतोय.

घरच्यांच्या डोक्यातही एक धाकटा वकील असतोच. नवऱ्याला ताप आहे असं ऑफिसात कळवणारी बायको, दुकानदाराची उधारी गुपचूप भागवणारी आई, लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल म्हणणारे काका. (त्या लग्नातल्या मुलीचा विचार कुणी करत नाही. मुक्तांगणनं बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालवला तो यासाठीच.) लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ छापाच्या जाहिरातींनी मला मात्र संताप येतो. असं चोरून दिलं जाणारं एक औषध म्हणजे डायसल्फिराम; त्याचा दारूविरोधी उपयोग १९४८च्या सुमारास डेन्मार्कमध्ये पुढे आला. हे औषध अंगात असताना दारू प्यायली, की छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं द्यायचं असतं. वरणात कालवून ते देणारी बायको नवऱ्याच्या जिवाशी खेळते, आणि जाहिरातवाला तिच्या अगतिकतेशी.

मदत मिळते किती जणांना? २०१९मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि दारूपायी ज्यांना मदतीची गरज आहे असे ५ कोटी ७० लाखांच्या आसपास. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठलातरी उपचार मिळालेला. उरलेल्या सदतिसांसाठी मनोविकारतज्ज्ञ कुठून आणणार? गोव्यात ‘संगात’ या संस्थेनं याचं एक व्यवहारी उत्तर शोधलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोकादायक पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभय नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. नाही कसं म्हणायचं, मित्रांचा आग्रह कसा परतवायचा, राग किंवा उदासी दाटून आली तर प्यायच्या ऐवजी काय करायचं, याचा सराव. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या गटातल्या ४२ टक्के लोकांनी गेल्या दोन आठवड्यांत अजिबात प्यायली नव्हती, दुसऱ्या गटात १८ टक्के. मात्र बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक आढळला नाही. हे दुसरं वाक्य बातम्यांतून गळून जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं. माणूस प्यायला नाही म्हणून त्याचा हात आपोआप खाली येत नाही.

आणि जिथे समुपदेशकही नाही, तिथे? मे १९३५मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावच्या एका हॉटेलात बिल विल्सन नावाचा शेअरदलाल उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, खिशात पैसे नाहीत. एका बाजूला बार, आतून हसण्या-बोलण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या चर्चना फोन लावत सुटला: मला आत्ता एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात झाली. त्या घटकेला बिलनं दारू टाळण्याची शपथ घेतली नाही. त्याला जे वाटत होतं ते सांगायला त्यानं माणूस शोधला.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची एक खुली सभा मी मामाबरोबर पाहिली. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, भिंतीवर बाराखडी. पोट सुटलेले पुरुष त्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून बसले होते. एकेक जण उठून नाव सांगे, आपण मद्यपी आहोत असं म्हणे, आणि आजच्या दिवसापुरतं बोले. उपदेश कुणी केला नाही. एक रिक्षावाला म्हणाला, की सकाळी गिऱ्हाइकानं दहा रुपयांवरून आईवरून शिवी दिली आणि तेव्हापासून तोंडाला चव आलीय. सगळे हसले, चव कुठली ते प्रत्येकाला माहीत होतं. मग मामा उभा राहिला. म्हणाला, आज काही विशेष नाही. जरा थांबून म्हणाला, दुपारी कचेरीत पोरगेल्या साहेबानं फाईल टेबलावर आपटली, मला अपमान वाटला. बसला.

तिसऱ्या खेपेला केंद्रातून आल्यावर मामा टिकला. गेला तो नऊ वर्षांनी, हृदयविकारानं. टिकल्यानंतरच्या पहिल्या आषाढात सगळं घर धास्तावलेलं होतं. गटारीच्या संध्याकाळी त्यानं सभेतल्या रिक्षावाल्याला फोन केला, दोघं नदीवर जाऊन बसले आणि मामा दहाच्या आत परत आला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. आजीनं त्याचं सोवळं काढून ठेवलं. मामा दाढी करून बाहेर आला आणि म्हणाला, या वर्षी मी काही पाळणार नाही, मला बाराही महिने सारखेच. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, त्यानं कांदाभजी मागितली, आणि तिनं कांदे चिरायला घेतले.